ख्रिस्ती धर्म जुन्या देवकथांवरून बेतला गेला का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी डिसेंबर उजाडला की इजिप्तचा देव होरस, रोमनांचा देव मिथ्रास, कृष्ण आणि येशू यांची चित्रे शेजारी शेजारी मांडलेला एक तक्ता मोबाइलवर फिरू लागतो आणि त्यापाठोपाठ मला प्रश्न येऊ लागतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत, नास्तिक आहेत आणि नुसते जिज्ञासूही आहेत. उत्तरे सर्वांना एकच आहेत.

१. हा दावा नेमका काय आहे आणि तो आला कुठून?

कुमारी मातेच्या पोटी जन्म, बारा शिष्य, चमत्कार, क्रूसावर मृत्यू आणि तिसऱ्या दिवशी पुनरुत्थान हा साचा येशूच्या कितीतरी आधीपासून निरनिराळ्या देवांना लावला जात होता आणि पहिल्या शतकात कोणीतरी त्याच साच्यातून येशूची कथा काढली, असा हा दावा आहे. तो प्राचीन ग्रंथांत नाही. त्याची जडणघडण अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या युरोप-अमेरिकेत झाली. फ्रेंच लेखक व्होल्नी याने १७९१ मध्ये ‘ख्रिस्त’ आणि ‘कृष्ण’ या नावांची सांगड घातली. केर्सी ग्रेव्हज या अमेरिकन लेखकाने १८७५ मध्ये क्रूसावर चढलेल्या सोळा तारणकर्त्यांची यादीच छापली. जेरल्ड मॅसी (१८२८–१९०७) या इंग्रज कवीने इजिप्तकडे बोट दाखवले. विद्यापीठीय वजन मात्र जेम्स फ्रेझरमुळे आले. १८९० पासून त्याने मांडलेली ‘मरून पुन्हा उठणारा देव’ ही कल्पना पुढे अनेक दशके गृहीत धरली गेली. मोबाइलवरच्या तक्त्यातला बहुतेक माल ग्रेव्हज आणि मॅसी यांच्या दुकानातला आहे. फ्रेझरचे म्हणणे गंभीर आहे आणि त्याचा विचार प्रश्न ६ मध्ये केला आहे.

२. दोन कथा इतक्या सारख्या असतील, तर एकीने दुसरीवरून घेतले असे म्हणायला हरकत काय?

साम्य हा चौकशीचा आरंभ आहे, निकाल नव्हे. उसनवारी सिद्ध करायची तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. पहिली, ज्या कथेवरून घेतले म्हणतात तिचा लेखी किंवा शिल्पातला पुरावा आधीचा असला पाहिजे. देव जुना असणे पुरेसे नाही, ती विशिष्ट गोष्ट त्याच्याबद्दल आधीपासून सांगितली जात असली पाहिजे. दुसरी, साम्य मूळ साधनांत दिसले पाहिजे, एकोणिसाव्या शतकातल्या सारांशात नव्हे. तिसरी, ती कथा घेणाऱ्यापर्यंत पोहोचण्याची वाट दाखवता आली पाहिजे.

सिद्ध झालेली उसनवारी कशी दिसते, हे पाहायला आपल्याला रोमला जावे लागत नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. ग्रंथ मराठीत, छंद ओवीचा, नाव पुराणाचे आणि स्वर्गाला शब्द ‘वैकुंठ’. येथे तारीख, लेखक आणि वाट या तिन्ही गोष्टी आपल्या हातात आहेत. एक बारकावाही ध्यानात घ्यावा: स्टीफन्सने भाषा आणि घाट इथला घेतला, पण सांगितलेली कथा बायबलचीच ठेवली. शब्द घेणे आणि कथानक घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रश्न ११ मध्ये हा भेद पुन्हा लागेल.

३. मिथ्रासचा जन्म कुमारिकेच्या पोटी झाला, त्याला बारा शिष्य होते आणि तो तिसऱ्या दिवशी उठला, हे खरे ना?

तिन्ही नाही. रोमन शिल्पांत मिथ्रास खडकातून बाहेर येताना दिसतो, तोही बहुधा वाढलेला तरुण म्हणून, एका हातात खंजीर आणि दुसऱ्या हातात मशाल घेऊन. खडकाला कुमारी म्हणायचे असेल तर वाद मिटला. त्याच्या मृत्यूची कथाच उपलब्ध नाही, त्यामुळे पुनरुत्थानाचा प्रश्न उद्भवत नाही. या पंथाचे मध्यवर्ती दृश्य मिथ्रास बैलाला मारतो हे आहे, मिथ्रास मरतो हे नव्हे.

बारा शिष्यांचा उगम कुठला असावा, हे लंडनमध्ये वॉलब्रुक येथे १८८९ मध्ये सापडलेला संगमरवरी फलक पाहिला की कळते. मधोमध बैल मारणारा मिथ्रास आहे, दोन बाजूंना दोन मशालधारी आहेत आणि सभोवार वर्तुळात बारा आकृती आहेत. त्या मेष, वृषभ, मिथुन अशा बारा राशी आहेत.

कालक्रमाची अडचण याहून मोठी आहे. वैदिक मित्र आणि इराणी मिथ्र हे देव खरोखर प्राचीन आहेत, पण भुयारी मंदिरे, बैलाचा वध आणि दीक्षेच्या पायऱ्या असलेला रोमन पंथ पुराव्यात दिसू लागतो तो पहिल्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे येशूचा आद्य प्रचारक पौल याची नव्या करारातली पत्रे लिहून झाल्यावर. इसवी सनापूर्वी ६७ च्या सुमाराचे, आजच्या तुर्कस्तानातल्या किलिकियाचे चाचे मिथ्रासचे गुप्त विधी करत, असे ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो खरे. पण तो लिहितो दीडशेहून अधिक वर्षांनी आणि विधींचा तपशील देत नाही. रोमन पंथ म्हणजे इराणी धर्माचीच पश्चिमेकडची शाखा, हे बेल्जियन विद्वान फ्रांझ क्युमाँ याचे १८९० च्या दशकातले मत मिथ्रास-अभ्यासकांच्या १९७१ च्या मँचेस्टर परिषदेत कठोर टीकेचे लक्ष्य झाले आणि पुन्हा पहिल्यासारखे सावरले नाही.

४. पण २५ डिसेंबर ही तारीख तरी सूर्यदेवाच्या सणावरून घेतली ना?

ही शक्यता खरी आहे, मात्र ती ठामपणे सांगितली जाते तितकी पक्की नाही. सम्राट ऑरेलियनने इ.स. २७४ मध्ये रोममध्ये ‘अजिंक्य सूर्या’चे देऊळ अर्पण केले. २५ डिसेंबरला त्या सूर्याचा जन्मदिन असल्याची सर्वांत जुनी नोंद इ.स. ३५४ च्या एका रोमन पंचांगात सापडते: ‘अजिंक्याचा जन्मदिन’ आणि त्यापुढे रथांच्या तीस शर्यती. गंमत म्हणजे ख्रिस्तजन्माची २५ डिसेंबर ही नोंद त्याच हस्तलिखितातल्या दुसऱ्या यादीत आहे आणि ती यादी इ.स. ३३६ च्या सुमारास तयार झाली असे मानले जाते. कोणी कोणाचे घेतले, हे या एका पोथीवरून ठरत नाही.

दुसरे स्पष्टीकरण हिशेबाचे आहे. इ.स. २०० च्या आसपास लॅटिन ख्रिस्ती लेखक क्रूसावरील मृत्यूची तारीख २५ मार्च देऊ लागले होते. गर्भधारणा आणि मृत्यू एकाच तिथीला झाले असे धरले की नऊ महिन्यांनी २५ डिसेंबर येतो, आणि ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टिनने हे गणित स्पष्ट शब्दांत दिले आहे. पूर्वेकडे ६ एप्रिल आणि ६ जानेवारी अशी तशीच जोडी दिसते, म्हणून मला हे स्पष्टीकरण अधिक पटते. पण त्या काळी मकरसंक्रमणाचा (वर्षातला सर्वांत लहान) दिवसही २५ डिसेंबरच मानत, तेव्हा सूर्याचे प्रतीक कोणाच्या मनात नव्हते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मिथ्रासचा जन्म या दिवशी साजरा होई, याला पुरावा नाही. सॅटर्नालिया हा रोमन सण १७ डिसेंबरला सुरू होऊन २३ पर्यंत संपत असे.

शिवाय बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीखच नाही. चौथ्या शतकातल्या सणाची तारीख उसनी ठरली तरी पहिल्या शतकातली कथा उसनी ठरत नाही.

५. होरसचे काय? त्याची आई इसिस कुमारी होती असे म्हणतात.

इजिप्तमधील अबायडोस येथे राजा सेती पहिला याच्या मंदिरात, इसवी सनापूर्वी तेराव्या शतकातले एक कोरीव दृश्य आहे. इसिसचा मृत पती ओसिरिस मंचकावर उताणा पडलेला आहे आणि इसिस घारीच्या रूपात त्याच्यावर झेप घेऊन गर्भधारणा करते आहे. शिल्पकाराने संकोच मुळीच ठेवलेला नाही. मृत पतीपासून पत्नीला झालेला पुत्र ही कथा अद्भुत आहे, पण ती कुमारी मातेची कथा नाही. प्लुटार्कच्या आवृत्तीत ओसिरिसच्या शरीराचे तुकडे होतात, त्यांतला नेमका एक अवयव मासे खातात आणि इसिस त्याची प्रतिकृती घडवते.

बारा शिष्य, नदीत बाप्तिस्मा आणि क्रूसावर मृत्यू हे होरसबद्दलचे दावे इजिप्शियन साधनांत नाहीत. ते मॅसीच्या तुलनांतून पसरले आहेत. ओसिरिस पुन्हा ‘जिवंत’ होतो तोही या जगात परतत नाही, मृतांच्या लोकाचा राजा होतो.

६. ॲटिस, अडोनिस, तम्मुझ हे देव तर मरून उठत होते ना?

या प्रश्नावर अभ्यासकांत खरा मतभेद आहे. जोनाथन झेड. स्मिथ यांनी १९८७ मध्ये एका धर्मकोशातील लेखात असे दाखवले की फ्रेझरच्या यादीतले देव एक तर मरतात पण परतत नाहीत, किंवा नाहीसे होतात आणि परततात पण मेलेले नसतात. त्यानंतर स्वीडिश अभ्यासक ट्रिग्वे मेटिंगर यांनी २००१ मध्ये उलट बाजू मांडली: कनानचा बाल, सोर नगरीचा मेलकार्त, सुमेरचा दुमुझी (म्हणजेच तम्मुझ) अशा काही देवांबाबत मृत्यू आणि परतणे ही कल्पना ख्रिस्तपूर्व काळातच होती. स्मिथ यांनी झाडू जरा जास्तच फिरवला, असे मला वाटते. मात्र याच मेटिंगर यांचा निष्कर्ष असा आहे की येशूचे पुनरुत्थान त्या कथांवरून रचले गेले याला पुरावा नाही. त्या कथा ऋतुचक्राशी बांधलेल्या आहेत, तर येशूची कथा एका रोमन राज्यपालाच्या कारकिर्दीतील एकदाच घडलेली घटना म्हणून सांगितली जाते.

एकेक देव पाहिला तर अडचणी दिसतात. अडोनिसच्या परतण्याचे उल्लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून मिळतात. ॲटिसला जीवन परत मिळत नाही. ख्रिस्ती लेखक आर्नोबियसने सांगितलेल्या कथेत एवढीच सवलत मिळते की त्याचे शरीर कुजू नये, केस वाढत राहावेत आणि करंगळी हलत राहावी. बैलाच्या रक्ताने ‘कायमचा पुनर्जन्म’ झाल्याची घोषणा करणारा ॲटिस-पंथीयाचा प्रसिद्ध रोमन शिलालेख इ.स. ३७६ चा आहे. तोवर साम्राज्यात ख्रिस्ती सम्राटांना साठ वर्षे होऊन गेली होती, तेव्हा येथे कोणी कोणाकडून उचलले हा प्रश्न उलटाही विचारता येईल.

७. इनान्ना तीन दिवस मृत होती आणि मग जिवंत झाली, असे मी वाचले. हीसुद्धा थाप आहे का?

नाही, ही थाप नाही. सुमेरी काव्यात इनान्ना देवी पाताळात जाते, तिचे प्रेत आकड्याला टांगले जाते, तीन दिवस आणि तीन रात्री उलटल्यावर तिची दासी निन्शुबुर मदत मागते आणि अन्नजल शिंपडून तिला जिवंत केले जाते. काव्य ख्रिस्ताहून कितीतरी जुने, साधन मूळ आणि साम्य डोळ्यांत भरणारे: प्रश्न २ मधल्या तीनपैकी दोन कसोट्या ही कथा पार करते.

ती अडते तिसरीवर. पहिल्या शतकातल्या गालीलच्या कोळ्यांपर्यंत किंवा पौलापर्यंत हे सुमेरी काव्य पोहोचण्याची वाट दिसत नाही. उलट ‘तिसऱ्या दिवशी तो आम्हांस उठवील’ या आशयाचे वचन त्यांच्या रोजच्या वाचनातल्या होशेयच्या ग्रंथात (६:२) होते. घरच्या विहिरीत पाणी असताना ते शेजारच्या गावाहून आणले असे मानायला काहीतरी कारण लागते.

८. पाण्याचा द्राक्षारस करणे हे डायोनिससचे काम नव्हते का?

या साम्यात तथ्य आहे. ग्रीसमधील एलिस येथे डायोनिसस या मद्याच्या देवाच्या उत्सवात तीन रिकामी भांडी एका इमारतीत ठेवून दारे मोहोरबंद करत आणि सकाळी ती द्राक्षारसाने भरलेली सापडत. ग्रीक प्रवासी पौसानियस दुसऱ्या शतकात हे लिहितो आणि आपण स्वतः उत्सवाच्या वेळी तेथे नव्हतो हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण याच चमत्काराचा उल्लेख इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या थिओपोम्पस या इतिहासकाराकडेही होता. म्हणजे तारीख जुनी, आणि ग्रीक भाषिक जगात वाट मोकळी.

योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय २) मात्र रिकामी भांडी आपोआप भरत नाहीत. तेथे यहुदी शुद्धीकरणासाठी ठेवलेले सहा दगडी रांजण आधी पाण्याने भरायला सांगितले आहे. कथेचा सांगाडा यहुदी आहे. ऐकणाऱ्या ग्रीकांना डायोनिसस आठवला असेल आणि लेखकाला ते ठाऊकही असेल. येथे मी दार उघडे ठेवतो.

९. ऑर्फियस क्रूसावर असलेले प्राचीन नाणे किंवा ताईत सापडला आहे, तो?

ते नाणे नव्हे, हेमटाइट दगडाचा छोटा कोरीव मुद्रामणी होता. ऑर्फियस हा ग्रीक कथांतला गायक. त्यावर क्रूसावरचा माणूस, वर चंद्रकोर आणि सात तारे व खाली ‘ऑर्फियस बाक्किकोस’ ही अक्षरे होती. तो बर्लिनच्या संग्रहालयात होता आणि दुसऱ्या महायुद्धात नाहीसा झाला. ऑर्फियसविषयक साधनांचा मोठा जाणकार ओटो केर्न याने आधी त्याला आपल्या संग्रहात जागा दिली आणि नंतर १९३० च्या दशकात तो बनावट असल्याचे जाहीर केले. अस्सल मानला तरी त्याचा काळ तिसरे-चौथे शतक धरला जात असे, त्यामुळे तो शुभवर्तमानांचा उगम ठरू शकत नाही.

१०. जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकानेच ‘आम्ही नवीन काही सांगत नाही’ अशी कबुली दिली आहे. मग?

इ.स. १५५ च्या सुमारास सम्राट अँटोनिनस पायस याला उद्देशून लिहिलेल्या समर्थनात (अध्याय २१) जस्टिन खरोखर म्हणतो की येशूचा जन्म, मृत्यू आणि स्वर्गारोहण यांबाबत आम्ही सांगतो ते तुमच्या ज्युपिटरच्या पुत्रांपेक्षा वेगळे नाही. पण हे एका वकिलाचे बोलणे आहे: त्यांना पूजता, मग आम्हांलाच मृत्युदंड का? साम्य जितके ताणता येईल तितके ताणणे त्याच्या सोयीचे होते, आणि त्यासाठी तो पर्सियस, हर्क्युलिस, ॲस्क्लेपियस अशी ढोबळ उदाहरणे देतो. क्रूसाचे अनुकरण मात्र ज्युपिटरच्या कोणत्याही पुत्राने केले नाही, असे तो त्याच ग्रंथात (अध्याय ५५) म्हणतो. क्रूसावरच्या सोळा तारणकर्त्यांची यादी त्याच्या हाती असती, तर त्याने ती आनंदाने वापरली असती.

टीकाकारांची एक बाजू येथे मान्य केली पाहिजे. सैतानांनी भविष्यवाण्या ऐकून आधीच नकला रचल्या, असे जस्टिन म्हणतो, म्हणजे त्या ग्रीक कथा जुन्या आहेत हे त्याला मंजूर आहे. मिथ्रासच्या विधीतील भाकर आणि पाण्याचा पेला ही मात्र त्याच्या मते प्रभुभोजनाची नक्कल आहे.

११. मग ख्रिस्ती धर्माने आजूबाजूच्या धर्मांकडून काहीच घेतले नाही का?

घेतले, आणि भरपूर. बाळाला दूध पाजणारी इसिस आणि बाळासह मरिया यांच्या चित्रपरंपरेतले नाते अनेक कलेतिहासकार मानतात. व्हॅटिकनखालच्या दफनभूमीत एका छतावर किरणांचा मुकुट घातलेला आणि रथावर उभा असलेला ख्रिस्त आहे, हुबेहूब सूर्यदेव. इ.स. ६०१ मध्ये पोप ग्रेगरी याने इंग्लंडमधील धर्मप्रचारकांना कळवले की मूर्ती काढाव्यात पण देवळे पाडू नयेत. ‘शुभवर्तमान’ ज्या ग्रीक शब्दाचे भाषांतर आहे तोच शब्द इसवी सनापूर्वी ९ मधल्या, आजच्या तुर्कस्तानातल्या प्रिएने या ग्रीक नगराच्या शिलालेखात सम्राट ऑगस्टसच्या जन्माबद्दल येतो.

पण ही उसनवारी शब्दांची, चित्रांची, सणांची आणि जागांची आहे, आणि तिचा बराचसा भाग तिसऱ्या शतकानंतरचा आहे. मुळाशी असलेले कथन पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात (१५:३–७) आहे. ते पत्र इ.स. ५५ च्या सुमाराचे असून, तो मजकूर आपल्याला आधीच मिळालेला होता असे पौल तेथेच सांगतो. त्याची पार्श्वभूमी वल्हांडण हा यहुदी सण, संदेष्टे आणि दानीएलच्या ग्रंथातली (१२:२) मृतांच्या उठण्याची आशा ही आहे. क्रूसाचे आकर्षण बाहेरच्यांना किती वाटत होते, ते रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर १८५७ मध्ये सापडलेल्या भिंतीवरच्या टवाळीत दिसते: क्रूसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, समोर हात वर केलेला एक जण आणि ‘अलेक्सामेनोस देवाला भजतो’ ही अक्षरे.

१२. ‘ईस्टर’ हे नाव इश्तार देवीवरून आले आहे का?

नाही. इश्तार ही मेसोपोटेमियाची देवी, आणि हा घोळ इंग्रजीसारख्या एक-दोन भाषांतच संभवतो. ग्रीक, लॅटिन आणि पोर्तुगीजमध्ये या सणाचे नाव वल्हांडणाच्या हिब्रू शब्दावरूनच आले आहे. गोव्यातील कोकणी ‘पास्क’ही तेच.

१३. हे सगळे मान्य केले तर येशूचे पुनरुत्थान खरे ठरते का?

ठरत नाही. कथा उसनी नाही एवढेच यातून निघते. ती खरी की खोटी, हा वेगळा प्रश्न आहे. बार्ट अर्मन हे अमेरिकन अभ्यासक स्वतः श्रद्धाळू नाहीत, तरीही येशू उसन्या देवकथांतून रचला गेला हे मत ते साफ नाकारतात.

१४. कृष्णालाही क्रूसावर चढवले होते, असा उल्लेख कुठल्या पुराणात आहे?

कुठल्याच नाही. कृष्ण हे देवकी आणि वसुदेव यांचे आठवे अपत्य आणि त्याचा अंत जरा व्याधाच्या बाणाने, पायाला लागून, हे मौसलपर्व आणि भागवत वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. ‘ख्रिस्त’ म्हणजे ग्रीकमध्ये अभिषिक्त आणि ‘कृष्ण’ म्हणजे संस्कृतात सावळा. दोन शब्दांत नात्याचा धागा नाही.

तरीही हा दावा कुठून आला याची कथा मराठी वाचकाने ऐकलीच पाहिजे, कारण तीत चक्क विठोबा आहे. एडवर्ड मूर या मुंबई इलाख्यातल्या कंपनी अधिकाऱ्याने १८१० मध्ये हिंदू दैवतांवर सचित्र ग्रंथ छापला. त्याला मूर्ती आणून विकणाऱ्या एका माणसाने हुबेहूब सारख्या दोन प्रतिमा आणल्या. मूरने आपल्या पंडिताला विचारले, तेव्हा त्याने ती प्रतिमा उलटसुलट पाहिली, कोणता अवतार ते सांगता येत नाही असे म्हटले आणि पायातल्या छिद्रावरून कदाचित विठोबा असेल असा अंदाज केला. मूरने स्वतः नमूद केले की हे उघडच युरोपीय घडणीचे, क्रूसावरील ख्रिस्ताचे चित्रण आहे. पण १८३० च्या दशकात गॉडफ्री हिगिन्सने तेच चित्र घेऊन पंडिताचा अंदाज पुरावा ठरवला आणि मूरचा खुलासा धर्मगुरूंच्या दडपणाखाली लिहिलेला मानला. पंढरपुरी विटेवर, कर कटावर ठेवून उभा असलेला आपला विठ्ठल अशा रीतीने लंडनमध्ये क्रूसावर चढला.

१५. उलट, कृष्णाचीच कथा ख्रिस्ती धर्मातून आली असे कोणी म्हटले आहे का?

हो, आणि तो दावाही त्याच कसोटीवर पारखला पाहिजे. जर्मन विद्वान आल्ब्रेख्त वेबर याने १८६० च्या दशकात कृष्णजन्माष्टमीत ख्रिस्ती छाप पाहिली, आणि फ्रांझ लोरिन्झर याने १८६९ मध्ये गीतेत नव्या कराराची वचने शोधली. लोरिन्झरला मुंबईतून काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी १८७५ मध्ये आपल्या गीता-भाषांतराच्या प्रस्तावनेत सविस्तर उत्तर दिले.

अधिक विचार करायला लावणारे नाव रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे आहे. १९१३ मध्ये त्यांनी असे सुचवले की गोकुळातला बालदेव आभीर या गवळी जमातीबरोबर आला आणि त्यांनी ‘ख्रिस्त’ हे नावही सोबत आणले असणे शक्य आहे. आधारासाठी त्यांनी गोवेकर आणि बंगाली लोकांच्या ‘कुष्टो’, ‘क्रिष्टो’ या उच्चारांकडे लक्ष वेधले. भांडारकरांबद्दल पूर्ण आदर ठेवूनही म्हणावे लागते की हा पुरावा व्होल्नीच्याच जातीचा आहे: उच्चार जुळतो, वाट दाखवलेली नाही.

वासुदेवाची उपासना मात्र ख्रिस्तपूर्व आहे, हे भांडारकरांनी स्वतःच शिलालेखांवरून दाखवले होते. त्यांतला एक जुन्नरजवळच्या नाणेघाटात आहे. घाटमाथ्याच्या लेण्यात, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या सातवाहन राणीच्या ब्राह्मी लेखात, इंद्र, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांच्या जोडीने संकर्षण आणि वासुदेव यांना नमन केलेले आहे. त्यात गोकुळ नाही, बाळ नाही, लोणीही नाही; पण वासुदेव आहे.